ग्रह आकाशातले आणि ग्रह मनातले
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी बाहेरच्या एखाद्या विदुषीचे व्याख्यान ठेवावयाचे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे. विषयही ठरवून दिला. ज्योतिषाचा अर्थ काय, आणि त्याचे मानसशास्त्राशी व विज्ञानाशी नाते काय? विषय भारदस्त आहे. मी सातवी झालेली गृहिणी. संस्कृत येत नाही, इंग्रजी तर नाहीच नाही. पण घरात पंचांग आहे, दुपारच्या वेळी वाचनालयाचे पुस्तक हाती असते, अडले तर विचारायला कॉलेजात जाणारी मुलगी आहे, आणि मंडळाची वधूवर नोंदवही गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एवढ्या भांडवलावर जे सुचले ते सांगते. उणेअधिक पदरात घ्यावे.

ज्योतिष पाहायला आपण पत्रिका उघडतो, पण ते तर आपल्या जिभेवरच बसलेले असते. घरात कुरबूर सुरू झाली की आपण म्हणतो, ग्रह फिरले. एखादा माणूस उगाच छळू लागला की तो आपल्या राशीला आला. कामात खोळंबा झाला की शनी आडवा आला. जावई रुसून बसला तर हा दहावा ग्रह असे आपण हसून म्हणतो, अर्थात तो ऐकत नसताना. एकामागून एक संकटे आली की साडेसाती. हे बोलताना आपल्यापैकी कोणी अंगणात जाऊन शनी आज कुठे आहे ते पाहात नाही. आपण बोलतो ते आपल्या मनाविषयी, आपल्या घराविषयी. ग्रह हे त्या बोलण्यातले शब्द आहेत.

ज्योतिषाच्या पुस्तकांत प्रत्येक ग्रह कशाचा तरी कारक म्हणून सांगितला आहे. सूर्य हा आत्म्याचा आणि पित्याचा कारक. चंद्र मनाचा आणि मातेचा. मंगळ धडाडीचा आणि रागाचा. बुध वाणीचा व हिशेबाचा. गुरू विवेकाचा. शुक्र आवडीनिवडीचा, नटण्यामुरडण्याचा. शनी कष्टाचा, उशिराचा, शिस्तीचा. आता आपलेच घर डोळ्यांपुढे आणा. सकाळी उठून चूल पेटवावयाची तर अंगात थोडा मंगळ हवाच. वाण्याचे देणेघेणे चुकू नये म्हणून बुध हवा. सणाला चांगले लुगडे नेसावेसे वाटते तो शुक्र. आणि पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवणारी, पै-पैला जपणारी जी आपल्या घरातली म्हातारी असते, ती शनीच्या अंगाची. तिचा जाच वाटतो, पण श्रावणात सुकटीचा नि पापडाचा डबा भरलेला असतो तो तिच्याचमुळे. या सात गोष्टी प्रत्येक माणसात असतात, कमीअधिक प्रमाणात.

राहू आणि केतू यांची गंमत निराळी. या दोघांना देहच नाही. चंद्राची वाट आणि सूर्याची दिसणारी वाट आकाशात ज्या दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात, ती ठिकाणे म्हणजे राहू आणि केतू. ग्रहण होते ते सूर्य-चंद्र या ठिकाणांजवळ असतानाच होते. म्हणून ते गिळतात अशी कथा झाली. ज्याला देह नाही त्याचीच माणसाला भीती अधिक वाटावी, हे मनाच्या स्वभावाला धरूनच आहे. काळोखात काही दिसत नाही म्हणूनच आपण घाबरतो.

तेव्हा ज्योतिषाचा पहिला अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे असा: मन कसे चालते हे सांगण्यासाठी पूर्वजांनी आकाशातली चिन्हे वापरली. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग (१८७५–१९६१) नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणसाच्या मनाच्या तळाशी जे असते ते तो बाहेर आकाशात पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. सिनेमाचे चित्र पडद्यावर दिसते पण ते येते मागच्या यंत्रातून, तसेच हे. युंग रुग्णांच्या पत्रिकाही पाहात, असे त्यांनी १९४७ साली बंगळूरचे ज्योतिषी बी. व्ही. रामन यांना पत्राने कळवले होते. म्हणजे ज्योतिषाला नाक मुरडणारा हा माणूस नव्हता. त्यांचे नाव पुढे पुन्हा यावयाचे आहे म्हणून हे सांगून ठेवते.

आपल्या बायकांना या भाषेचा फार उपयोग झाला. आमच्या आईच्या पिढीत एखादी सून ‘मी थकले, मला हे सोसवत नाही’ असे तोंडाने बोलू शकत नव्हती. पण ‘मला साडेसाती चालू आहे’ असे म्हणण्याची तिला मुभा होती. तेवढे म्हटले की शेजारीण जवळ बसे, दोन शब्द बोले, पाण्याचा हंडा उचलू लागे. गावचा जोशी सांगे, ‘बाई, चैत्र उलटला की दिवस पालटतील.’ चैत्रापर्यंत तग धरण्याचे बळ त्या एका वाक्याने येई. आजचे मानसोपचार करणारे डॉक्टरही आधी काय करतात? समोर बसवून ऐकून घेतात. बोलल्याने दुःख हलके होते, हे आपल्या जात्याला नि पाणवठ्याला पुष्कळ आधीपासून माहीत होते. जोशीबुवांना नावे ठेवण्यासाठी मी उभी राहिलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे.

पण बोलण्याची भाषा निराळी आणि न्यायनिवाडा निराळा. साडेसातीचाच हिशेब करू. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत आकाशाची एक फेरी करतो. राशी बारा, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास मिळून साडेसात वर्षे. याचा अर्थ कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असणारच. या सभागृहात शंभर जणी असतील तर त्यांतल्या पंचवीस-एक जणींना आज ती चालू आहे. आणि त्या पंचवीस जणींनाच दुःख आहे आणि बाकीच्या पंच्याहत्तर सुखात लोळत आहेत, असे तुम्हांला दिसते का? शनी बिचारा ठरल्या वाटेने जातो. दुःख सगळ्यांच्याच दारी येते, आणि आले की आपण शनीकडे बोट करतो.

मग पत्रिकेतले वर्णन आपल्याला तंतोतंत लागू पडते ते कसे? याचा उलगडा १९४८ साली अमेरिकेतल्या बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने केला. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे वर्णन म्हणून एकेक कागद दिला आणि विचारले, हे कितपत जुळते? पाचापैकी गुण द्या. सरासरी सव्वाचारच्या वर गुण पडले. मग त्याने सांगितले की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्ये त्याने बाजारात मिळणाऱ्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही वरून कठोर दिसता पण आतून हळव्या आहात,’ ‘तुम्ही दुसऱ्यासाठी झिजता पण तुमची कदर होत नाही,’ असे मी आता म्हटले तर या सभेत कोणती बाई नाही म्हणेल? (हशा) मोबाईलवर रोज सकाळी येणारे राशीभविष्य असेच असते. जुळते ते आपण लक्षात ठेवतो, जुळत नाही ते दुपारपर्यंत विसरतो. यात कोणी मूर्ख नसते. मनाची घडणच तशी आहे.

आता विज्ञानाकडे वळते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. कोणी म्हणते, ‘ज्योतिष खोटे कसे? पंचांगात लिहिलेल्या मिनिटाला ग्रहण लागते.’ लागतेच. पण ते गणित आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीच ज्योतिषाचे तीन स्कंध मानले आहेत: सिद्धांत म्हणजे गणित, संहिता म्हणजे पाऊस-पाणी, शकुन वगैरे, आणि होरा म्हणजे जन्मपत्रिकेवरून फळ सांगणे. गणिताचा स्कंध विज्ञानात गेला आणि वाढला. गुरू सुमारे बारा वर्षांनी सिंह राशीत येतो म्हणून नाशिकला सिंहस्थ भरतो, हे गणित. ते बरोबर आले म्हणून त्याच्या शेजारी छापलेले फळही बरोबर, असे होत नाही. घड्याळ वेळ बरोबर दाखवते, म्हणून त्या वेळेला पाहुणा येईलच असे थोडेच आहे?

या विषयाचा सगळा इतिहास आपल्याच कोकणातल्या एका शिक्षकाने लिहून ठेवला आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला आणि तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. खेडच्या पलीकडला हा माणूस. पोलादपूरहून कशेडी घाट उतरला की त्याचाच मुलूख. एक साधी शाळामास्तरकी करणारा मनुष्य जुने ग्रंथ ताडून पाहतो, कोणते मत केव्हा आले ते शोधतो, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

राशी आकाशात आखून ठेवलेल्या नाहीत, माणसांनी त्या मोजण्यासाठी ठरवल्या, हे एका उदाहरणाने पटेल. इंग्रजी पद्धतीत सूर्य मेष राशीत शिरतो तो २१ मार्चच्या सुमारास. आपल्या पंचांगात तो मेषेत जातो १४ एप्रिलच्या सुमारास. म्हणून २५ मार्चला जन्मलेल्या मुलाची सूर्यरास इंग्रजी मासिकात मेष आणि आपल्या पंचांगात मीन. मूल एकच, आकाश एकच. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी ठीक, कारण एकीने वसंतातल्या समान दिवसरात्रीपासून मोजले आणि दुसरीने ताऱ्यांपासून. पण मेषेचा मुलगा तापट आणि मीनेचा मवाळ, असे म्हणावयाचे तर या एका मुलाने करावे तरी काय?

कोणी म्हणेल, ‘वाद पुरे झाला, परीक्षा घ्या ना.’ तशी परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक, थोर शास्त्रज्ञ जयंत नारळीकर (ते २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले), संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २००८ साली ती घेतली. १०० हुशार मुले आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या २०० जन्मपत्रिका त्यांनी जमवल्या आणि ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकाला ४० पत्रिका द्यावयाच्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची ते त्याने ओळखावयाचे. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नुसते नाणे उडवले असते तरी ४० पैकी २० बरोबर आले असते. ज्योतिषांची सरासरी आली सव्वासतरा. सर्वांत चांगल्या ज्योतिषाची २४ उत्तरे बरोबर आली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्याच्या सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. म्हणजे पुन्हा नाणेच. मूल बुद्धीने धड आहे की नाही, इतकी मोठी गोष्ट जर पत्रिकेत दिसत नाही, तर सासू खाष्ट निघेल की मायाळू, हे त्यात कोठून दिसणार?

आणि आता ते युंग. त्यांना ज्योतिषाची आवड होती, म्हणून त्यांनी लग्न झालेल्या जोडप्यांच्या पत्रिका घेऊन ताडून पाहिल्या. पहिल्या १८० जोडप्यांत नवऱ्याच्या नि बायकोच्या पत्रिकांतील सूर्यचंद्रांचा मेळ दिसला तसे वाटले. पुढे आणखी पत्रिका मिळवीत ते ४८३ जोडप्यांपर्यंत गेले, आणि जसजशी जोडपी वाढली तसतसा तो मेळ विरघळत गेला. हे त्यांनी १९५२ साली स्वतःच छापून सांगितले. आवड असूनही हिशेब लपवला नाही, हा गुण मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा मोठा वाटतो.

भगिनींनो, जोडप्यांची गोष्ट निघाली तेव्हा आता आपल्या वहीकडे येते. माझ्या मनात जे खदखदते आहे ते येथेच आहे. आपल्या नोंदवहीत नाव, शिक्षण, उंची यांच्यानंतर दोन रकाने आहेत: मंगळ आणि नाडी. महाड शहरातल्या आणि पोलादपूरच्या वाड्यांवरल्या कितीतरी मुलींची नावे त्या वहीत आहेत. शिकलेल्या, कामसू, हसतमुख. त्यांतल्या कित्येकींच्या नावापुढे मंगळाच्या रकान्यात ‘आहे’ हा दोन अक्षरांचा शब्द पडला आणि स्थळे तेवढ्यावरूनच परत गेली. मुलीला पाहिले नाही, तिच्याशी बोलले नाही. एक मुलगी तर मला म्हणाली, ‘काकू, माझ्यात काय उणे आहे ते सांगा, मी सुधारीन. पण हे कसे सुधारू?’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते मी हिशेबात शोधले, ते आज तुमच्यापुढे मांडते.

पत्रिकेची घरे बारा. त्यांत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारांतली पाच घरे झाली. लग्नरास दर दोन तासांनी सुमारे पालटते आणि दिवसभरात बाराही राशी उगवून जातात. म्हणजे रोजच्या चोवीस तासांपैकी सुमारे दहा तास असे असतात की त्या वेळी जन्मणारे प्रत्येक मूल, मग ते महाडचे असो की मुंबईचे, मंगळाचेच असते. शंभर मुलींत चाळीसच्या आसपास. एवढ्या बायकांच्या संसारावर जर खरोखरच गंडांतर असते, तर या सभागृहातल्या निम्म्या-शिम्म्या कपाळांवर आज कुंकू दिसले नसते. आणि ज्यांच्या कपाळावर नाही, त्यांच्या पत्रिकेत मंगळ होता म्हणून नाही, असे कोणी म्हणू धजू नये. तो दुःखावर डाग देणे होय.

शिवाय जन्मवेळ कोणाची खरी? माझ्या वयाच्या पुष्कळ जणींचा जन्म घरीच झाला. ‘गुरे रानात सोडली तेव्हा’, ‘कोंबडा आरवला तेव्हा’ अशी आमची जन्मवेळ. अर्ध्या तासाने घर पालटणार असेल तर आमचा मंगळ गुरांच्या पायांवर अवलंबून! आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. स्थळ चांगले असले, मुलाला पगार बरा असला, की मंगळाला अपवाद सापडतो. मुलगी गरिबाची असली की सापडत नाही. ग्रहांना पगार कळतो असे शास्त्रात कोठेच लिहिलेले नाही.

नाडीचेही तसेच. छत्तीस गुणांपैकी आठ गुण नाडीचे. नक्षत्रे सत्तावीस आणि नाड्या तीन, प्रत्येक नाडीला नऊ नक्षत्रे. म्हणून कोणतेही तीन विवाह घ्या, त्यांतला एक सरासरीने एकनाडीचा असणारच. एकनाड म्हणजे एकच रक्त, मूल जगत नाही, असे भय घातले जाते. नाडी ठरते चंद्राच्या नक्षत्रावरून. तिचा रक्ताशी काडीचा संबंध नाही. रक्ताचे जे खरे धोके आहेत ते रक्त तपासूनच कळतात. नवरा आणि बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक इतका संभव असतो की मूल त्या आजाराचे होईल, आणि त्याला जन्मभर रक्त चढवीत बसावे लागते. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो, म्हणून तपासल्यावाचून समजत नाही. बाईचे रक्त निगेटिव्ह आणि नवऱ्याचे पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका संभवतो, पण डॉक्टरांनी योग्य वेळी अँटी-डीचे इंजेक्शन दिले तर तो टाळता येतो. मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना आपण छत्तीस गुण जुळवतो, आणि रक्त मुळातच जवळचे आहे याचा विचार करीत नाही. खरी नाडी पाहावयाची ती येथे.

आणि मंगळ तो कसा आहे? तांबडा दिसतो, कारण त्याची माती गंजलेल्या लोखंडाने तांबडी झाली आहे. आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाचा रंगही लोहामुळेच. घराच्या पायरीला जो दगड आपण लावतो, ज्यावर तुळशीवृंदावन बांधतो, त्याच रंगाचा तो गोळा. आपल्या देशाचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागले. ते यान चालवणाऱ्या शास्त्रज्ञांत नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या दोघी बायका जबाबदारीच्या जागेवर होत्या. बायकांनी मंगळ गाठला, आणि आमची मुलगी त्याच मंगळापायी उंबऱ्यात अडून बसली, हे बरे दिसत नाही.

ग्रहांच्या नावाने माणसाला दोष देण्याची खोड किती क्रूर होऊ शकते, ते आपण २०२१ साली पाहिले. २२ जुलैला सावित्री आणि गांधारी चढल्या आणि महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी आल्या. त्या माणसांत म्हातारी होती, तान्ही होती, मेषेची होती, तुळेची होती. सगळ्यांच्या पत्रिका निरनिराळ्या आणि घटका एकच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या पाण्यात गेल्या, तेव्हाही तेच. असे काही झाले की माणसाचे मन कारण मागते. कारणाशिवाय दुःख सोसणे फार कठीण. पण ते कारण आपण कोठे शोधतो पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या वर्षी टाळेबंदीत साधेपणाने लग्न होऊन नवी सून आली होती. पुराने दुकान गेले आणि ‘हिचा पायगुण’ म्हणून ती पोर वर्षभर बोलणी खात राहिली. महाबळेश्वराच्या डोंगरावर पडलेला पाऊस एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पावलांनी आला म्हणे! चिखल उपसायला मात्र तीच सर्वांच्या पुढे होती. डोंगर का खचतो, पाणी किती चढले की घर सोडावे, हे शिकून घेतले तर पुढच्या वेळी जीव वाचतील. सुनेला बोलून एकही वाचणार नाही.

आजारातही सावध असावे. बाळंतीण पहिले काही दिवस हळवी होते, ते आपण जाणतोच. पण ती दोन-दोन आठवडे रडत राहिली, बाळाला जवळ घेईना, झोप उडाली, जीव नकोसा म्हणू लागली, तर ते ग्रहांचे लागणे नव्हे. तो आजार आहे आणि औषधाने बरा होतो. शांती करावयाची त्यांनी मनाच्या समाधानासाठी करावी, पण डॉक्टरकडे आधी न्यावे. आपले मन उदास असेल आणि घरात बोलण्याची सोय नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की ऐकणारे माणूस मिळते, पैसे पडत नाहीत. हा आकडा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

‘मग काय पंचांग फेकून द्यावे?’ असे कोणी विचारील. मुळीच नको. तिथी, सण, ग्रहणे, पावसाची नक्षत्रे यांवर आपले वर्ष चालते. मृग लागला की पेरणीची घाई आणि हस्त लागला की भोंडला, हे आपले आकाशाशी जडलेले जुने नाते आहे. पौर्णिमेला अंगणात बसून मुलांना ग्रह दाखवा, शनीच्या नि मंगळाच्या गोष्टी सांगा. आपल्या रागाला मंगळ म्हणा, आळसाला शनी म्हणा, भीतीला राहू म्हणा. नाव दिल्याने राग ओळखता येतो आणि आवरता येतो. एवढ्यापुरते ज्योतिष मला प्रिय आहे. पण ते वापरावयाचे ते स्वतःला समजण्यासाठी. दुसऱ्याच्या लेकीला नाकारण्यासाठी ते हाती घेतले की चिन्हाचा चाबूक होतो.

म्हणून अध्यक्षाबाईंच्या परवानगीने मी तीन गोष्टी सभेपुढे ठेवते. पहिली: येत्या पाडव्यापासून मंडळाच्या नोंदवहीतले मंगळ आणि नाडी हे दोन्ही रकाने काढून टाकावेत. ज्यांना पत्रिका पाहावयाची असेल त्यांनी ती आपसांत मागून घ्यावी. मंडळाने आपल्या हाताने ती मुलीच्या नावापुढे लिहू नये. दुसरी: त्या जागी मुलाचे व्यसन, मुलाची नोकरी, आणि लग्नानंतर मुलीला शिकू वा कमावू देणार का, हे रकाने घालावेत, आणि दोन्ही घरांना लग्नाआधी रक्त तपासून घेण्याची सूचना द्यावी. त्याचा निकाल वहीत लिहू नये. तो त्या दोन घरांचा. तिसरी: महिन्यातून एका दुपारी मंडळाच्या खोलीत कोणीही येऊन मन मोकळे करावे आणि ते बोलणे खोलीच्या बाहेर जाऊ नये.

सभासद भगिनींनी याच्यावर चर्चा करावी, विरुद्ध मत असेल तेही मोकळेपणाने मांडावे. जुन्याजाणत्या बायकांचे मन दुखवून मला काहीच करावयाचे नाही. पण वहीतल्या त्या मुलींची नावे तुम्ही आम्ही रोज रस्त्याने जाताना भेटतो, त्या कोणी परक्या नाहीत. एवढे लक्षात ठेवून हात वर करावेत, ही विनंती करून मी माझे भाषण संपवते.